ब्लूजच्या रियाजासाठी साधे आणि परवडणारे लूप पेडल कोणते घ्यावे?

शाहूपुरी_शफल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो आणि नोकरी सांभाळून ब्लूज गिटार वाजवतो. इथे ऑर्केस्ट्रात वाजवणारे उत्तम ड्रमर आणि बेसवाले पुष्कळ आहेत, परंतु आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्यासोबत बसून एकच संथ शफल (झुलत्या चालीचा ताल) तासभर वाजवायला कोणी तयार होईल, अशी अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे सध्या मी यूट्यूबवरील बॅकिंग ट्रॅकवर सराव करतो. त्यात अडचण अशी की पट्टी, लय आणि टर्नअराउंड (आवर्तनाच्या शेवटी पुन्हा सुरुवातीकडे नेणारा तुकडा) हे सारे दुसऱ्याने ठरवलेले असते आणि ऱ्हिदमचा, म्हणजे साथीच्या कॉर्डचा, माझा स्वतःचा हात मुळीच तयार होत नाही. म्हणून लूप पेडल (लूपर), म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा ऐकवणारे पेडल, घेण्याचा विचार आहे.

माझ्याकडे सेमी-हॉलो गिटार, 15 वॅटचा साधा ट्रान्झिस्टर ॲम्प आणि एक ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाटवणारे) पेडल आहे. ॲम्पला इफेक्ट्स लूपची (ॲम्पच्या गेननंतर पेडल जोडण्याच्या वेगळ्या जोडणीची) सोय नाही. बजेट सात ते आठ हजार रुपये आहे, फारच कारण असेल तर थोडे पुढे जाता येईल. अधूनमधून एका मित्रासोबत छोट्या कॅफेत वाजवण्याचा योग येतो. तो हार्मोनिका वाजवतो.

जाहिराती वाचून डोके चक्रावले आहे. कुठे पाच मिनिटे, कुठे तीस मिनिटे, तर कुठे तासांच्या हिशेबात रेकॉर्डिंग. कशात ड्रम आहेत, कशात उलटा आवाज, कशात निम्मी गती. माझ्यासारख्याला यातले नेमके काय लागते? तसेच, लूपर अंगभूत असलेले स्वस्त मल्टी-इफेक्ट्स (अनेक इफेक्ट्स एकत्र असलेले यंत्र) घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल का?

एकतारी यांचे उत्तर

मिनिटांच्या आकड्यांकडे सरळ दुर्लक्ष करा, हे पहिले सांगणे. बारा बारच्या (तालाच्या बारा खंडांच्या) ब्लूजमध्ये प्रत्येक बारला चार मात्रा धरल्या तर एक आवर्तन 48 मात्रांचे होते. मिनिटाला 120 मात्रांच्या चालत्या शफलमध्ये ते 24 सेकंदांत संपते, 90 च्या मध्यम लयीत 32 सेकंद लागतात आणि 60 च्या अगदी संथ ब्लूजमध्येही 48 सेकंदांपलीकडे जात नाही. दोन आवर्तने सलग रेकॉर्ड केली, पहिल्यात चौथी कॉर्ड (पट्टीच्या चौथ्या सुरावरची) दुसऱ्याच बारमध्ये घेतली आणि दुसऱ्यात घेतली नाही, तरीही सारा मामला दीड-पावणेदोन मिनिटांत आटोपतो. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या मूळ डिट्टोमध्ये 5 मिनिटे मिळतात, डॉनरच्या छोट्या लूपरमध्ये 10, बॉसच्या आरसी-1 मध्ये 12 आणि मूअरच्या मायक्रो लूपरमध्ये 30. यांपैकी कोणतेही तुम्हाला कमी पडणार नाही.

याच हिशेबात तुमच्या मल्टी-इफेक्ट्सच्या प्रश्नाचे उत्तर आहे. झूमच्या जी1 फोरसारख्या यंत्रातील लूपर 30 सेकंदांचा आहे. म्हणजे मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत बारा बार जेमतेम मावतात आणि त्याहून थोडे संथ वाजवायचे ठरवले की अकराव्या-बाराव्या बारमध्ये, ऐन टर्नअराउंडवर, जागा संपते. इतर शैली वाजवणाऱ्यांना चार किंवा आठ बारचा तुकडा पुरतो, म्हणून त्यांना ही मर्यादा कधी जाणवतही नाही. ब्लूजवाल्याला मात्र ती पहिल्याच संध्याकाळी जाणवते. हेडफोन लावून रात्री वाजवायचे असेल आणि टोनचे अनेक प्रकार हवे असतील तर मल्टी-इफेक्ट्स जरूर घ्या, पण केवळ लूपरसाठी घेऊ नका.

आता ज्याकडे खरोखर लक्ष द्यायचे ते म्हणजे फूटस्विच. साध्या लूपरचा सारा कारभार एकाच बटणावर चालतो. एकदा दाबले की रेकॉर्डिंग, पुन्हा दाबले की वादन, पुन्हा दाबले की वरचा थर, झटपट दोनदा दाबले की थांबणे, आणि वाजत असताना दाबून धरले की शेवटचा थर निघून जाणे. यात लयीचा कोणताही आधार यंत्राकडून मिळत नाही. लूपची लांबी तुमचा पाय ठरवतो. 90 च्या लयीत एक मात्रा सुमारे 667 मिलिसेकंदांची असते आणि शफलसाठी तिचे तीन भाग केले तर एक भाग साधारण 222 मिलिसेकंदांचा येतो. पाय 50 मिलिसेकंदांनी उशिरा पडला तर हा तिसऱ्या भागाचा जवळजवळ चौथा हिस्सा झाला, आणि दर आवर्तनाच्या शेवटी ताल लंगडल्यासारखा वाटतो. म्हणून बाराव्या बारमधील पाचवी कॉर्ड वाजवून झाल्यावर थांबून पेडल दाबण्याची सवय लावू नये. हात न थांबवता पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर जावे आणि नेमक्या त्या समेवर पाय टाकावा. हाताने वाजवलेली सम आणि पायाची थाप एकत्र पडली की जोड कळतही नाही.

हे सारे पायावर अवलंबून असल्यामुळे बटणाचा आकार आणि स्वभाव पाहूनच पेडल घ्यावे. आपण घरी अनवाणी वाजवतो, ही गोष्ट परदेशी परीक्षणांत कुठेच सापडणार नाही. मिनी पेडलचे धातूचे लहान बटण अनवाणी तळव्याला रुतते आणि ते नेमक्या क्षणी दाबायला अंगठा वाकडा करावा लागतो. शिवाय पेडल हलके असल्याने गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. बॉसच्या पेडलची पुढची संपूर्ण पट्टीच दाबता येते, तिच्यावर पाय कसाही पडला तरी चालतो. मिनी पेडल घेतलेच तर ते वेल्क्रोने एखाद्या जड फळीवर बसवा आणि पायात जुने बूट चढवा. काही स्वस्त पेडले बटण दाबताना प्रतिसाद देतात, तर काही पाय उचलताना. दुसऱ्या प्रकारची पेडले शफलसाठी टाळलेलीच बरी. मुंबईस येणे झाले तर धोबीतलावच्या फुर्टाडोजसारख्या मोठ्या दुकानात जाऊन गिटार न लावताही नुसता पाय टाकून पाहा.

माझी पसंती आरसी-1 ला आहे. नवे घेतल्यास ते तुमच्या बजेटच्या वर जाईल, परंतु हे पेडल 2014 पासून बाजारात आहे आणि जुने सहज मिळते.

तिसरी_मात्रा यांचे उत्तर

एकतारी यांनी सांगितलेले बहुतेक सारे मान्य आहे, पण ताल हा विषय त्यांनी एका वाक्यात निकालात काढला, तो मला तितका सोपा वाटत नाही. तबलजी ज्या कारणासाठी रियाजाला लेहरा (सतत फिरणारी एकच सुरावट) लावतो, त्याच कारणासाठी आपण लूप लावतो. फरक इतकाच की इथे लेहराही आपणच वाजवलेला असतो, आणि त्यातच लय पळालेली असेल तर पुढचा तासभर आपण चुकीच्या लयीशी इमान राखत बसतो. त्यामुळे सुरुवातीचा काही काळ तरी ड्रमची सोबत असलेली चांगली.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ड्रम अंगभूत असलेल्या लूपरचा. बॉसच्या आरसी-5 मध्ये 57 ताल, 99 लूप साठवण्याची जागा आणि एकूण 13 तासांचे रेकॉर्डिंग आहे, पण ते तुमच्या बजेटच्या बरेच पलीकडचे आहे. नक्सच्या लूप कोअरमध्येही ताल आणि 99 जागा आहेत आणि ते पुष्कळ स्वस्त पडते. त्यातील ताल खऱ्या ड्रमरसारखे वाटतील अशी अपेक्षा ठेवली नाही तर काम भागते. मात्र असे यंत्र घेण्याआधी त्यात तीन भागांच्या झोलाचा, म्हणजे शफलचा किंवा 12/8 चा ताल आहे, याची खात्री करून घ्या. सरळ आठ ठोक्यांच्या रॉक तालावर शफल वाजवायला बसलात तर हात आणि कान यांची दिवसभर भांडणे चालतील.

दुसरा मार्ग फुकट आहे आणि मी तोच वापरतो. फोनवरील ड्रम ॲपमध्ये शफल लावायचा, फोन वेगळ्या छोट्या स्पीकरला जोडायचा आणि त्या तालावर लूप रेकॉर्ड करायचा. ड्रमचा आवाज पेडलमध्ये जाऊ द्यायचा नाही. एकदा लूप नीट बसला की ॲप बंद करून टाकायचे, कारण फोन आणि पेडल यांची घड्याळे एकमेकांशी जोडलेली नसतात आणि पहिल्या एक-दोन आवर्तनांत सूक्ष्म वाटलेला फरक पुढे साठत जाऊन दोघांची फारकत होते. लूप जर ॲपशी बराच वेळ जुळून राहिला, तर तुमचा पाय समेवर पडला होता याची ती पावतीच समजा.

आणखी एक मुद्दा, जो पेडलच्या निवडीआधी मनाशी स्पष्ट असावा. सगळाच ब्लूज लूपमध्ये बसत नाही. जॉन ली हूकर किंवा लाइटनिन हॉपकिन्स हे ब्लूज गायक-गिटारवादक एकट्याने वाजवत तेव्हा शब्द संपले की कॉर्ड बदलत. बार कधी साडेअकरा होत, कधी तेरा, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही उणे वाटत नसे. रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये सॅन अँटोनियोला आणि 1937 मध्ये डॅलसला जे ध्वनिमुद्रण केले, त्यात खालचा बेस आणि वरचे सूर एकाच माणसाच्या दोन हातांतून आलेले आहेत. तुमचा ओढा या एकट्याने वाजवण्याच्या डेल्टा पद्धतीकडे असेल तर लूपरवर खर्च करण्यापेक्षा उजव्या अंगठ्याला एकसारखा बेस धरायला शिकवणे अधिक फलदायी ठरेल. लूपर शोभतो तो शिकागोच्या बँडच्या ब्लूजला, जिथे एक गिटार ऱ्हिदम धरते आणि दुसरी बोलते. हूकरच्या वळणाचे एका कॉर्डवरचे बूगी मात्र लूपवर झकास चालते, कारण तिथे बदलायला कॉर्डच नसते!

दादर_हार्प यांचे उत्तर

मी हार्मोनिकावाला आहे, त्यामुळे कॅफेच्या बाजूने लिहितो. घरच्या सरावात लूप कसा थांबतो याला महत्त्व नसते, पण समोर चार माणसे बसली की सारे काही शेवटावर येऊन ठेपते. एका बटणाच्या पेडलवर थांबवण्यासाठी दोनदा झटपट दाबावे लागते. म्हणजे पहिल्या थापेला पेडल वरचा थर रेकॉर्ड करण्याच्या स्थितीत जाते आणि दुसऱ्या थापेला थांबते. लोक गडबडीत दोन्ही थापा समेनंतर देतात, आणि मग गाणे संपल्यावर लूपचा अर्धा ठोका उगाच ऐकू येतो. उपाय शफलमध्येच दडलेला आहे. शेवटच्या बारमधील चौथ्या मात्रेचा तिसरा भाग आला की पहिली थाप द्यावी आणि समेवर दुसरी. 120 च्या लयीत या दोन थापांमध्ये साधारण 167 मिलिसेकंदांचे अंतर येते, जे झटपट दोनदा दाबण्याच्या नैसर्गिक वेगाच्या जवळपास आहे. 60 च्या लयीत मात्र हेच अंतर दुप्पट होते आणि काही पेडले त्या दोन थापा वेगवेगळ्या समजतात. म्हणून संथ गाण्यांत लूप आधीच्या आवर्तनात थांबवून शेवटचा टर्नअराउंड दोघांनी प्रत्यक्ष वाजवावा. ऐकणाऱ्यालाही तेच अधिक आवडते.

कॅफेत नियमित वाजवणार असाल तर थांबवण्यासाठी वेगळे बटण मिळणे ही एकच सुविधा अशी आहे जिच्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजायला सांगेन. आरसी-1 ला मागे जोडणी आहे, तिथे बॉसचा एफएस-5यू किंवा दोन बटणांचा एफएस-6 लावला की थांबवणे आणि थर काढणे यांचे बटण वेगळे होते. मूळ डिट्टोला ही सोय नाही. डिट्टो एक्स2 ला थांबवण्याचे बटण अंगचेच आहे, पण ते आकाराने आणि किमतीनेही मोठे आहे.

आता तुमच्या मित्राविषयी. त्याचा माइक थेट लूप पेडलला जोडण्याचा मोह होईल, तो टाळा. ही पेडले गिटारच्या जॅकसाठी बनवलेली असतात, साध्या माइकचा क्षीण संकेत त्यांना पुरत नाही. माइक आधी मिक्सरमध्ये जाऊ द्यावा. खरे सांगायचे तर हार्मोनिका लूपमध्ये घालूच नये. लूप गिटारचा असावा आणि हार्मोनिका मोकळी असावी. पट्टी मात्र लूप रेकॉर्ड करण्याआधी ठरवून घ्या. तुम्ही गिटारवर ‘ई’ मध्ये ऱ्हिदम धरलीत तर तो बहुधा ‘ए’ पट्टीची हार्मोनिका काढेल, आणि ती त्याने घरी विसरली असेल तर तुमचा सुबकपणे बसलेला लूप पुसून नव्याने सुरुवात करावी लागेल.

तुमच्या ॲम्पबद्दल एक सूचना. इफेक्ट्स लूप नसल्यामुळे पेडलांचा क्रम गिटार, ओव्हरड्राइव्ह, मग लूपर आणि शेवटी ॲम्प असा ठेवा, आणि ॲम्प स्वच्छ चॅनलवर ठेवा. असे केल्यास ऱ्हिदम ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून रेकॉर्ड करता येते आणि नंतर ओव्हरड्राइव्ह लावून लीड (पुढची सुरावट) वाजवली तरी लूपमधील ऱ्हिदम जशीच्या तशी स्वच्छ राहते. याउलट, ॲम्पचा स्वतःचा गेन (आवाज फाटवणारी वाढ) वाढवून वाजवाल तर लूपमधील कॉर्ड आणि तुमची लीड एकाच गेनमधून एकत्र भरडल्या जातील आणि कोणताही सूर वेगळा ऐकू येणार नाही. 15 वॅटच्या ॲम्पला दोन गिटारांचे ओझे वाहायचे आहे, हे ध्यानात ठेवून लूपचा आवाज पेडलवरील बटणाने थोडा खाली ठेवा. ऱ्हिदम मानेकडच्या पिकअपवर (तारांखालच्या ध्वनिग्राहकावर), टोन जरा उतरवून, शक्यतो खालच्या तारांवर धरा. लीड ब्रिजकडच्या पिकअपवर घ्या. इतक्यानेच दोन वेगळी माणसे वाजवत असल्याचा भास होतो.

शाहूपुरी_शफल

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या नेमक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. ड्रम आणि साठवणुकीचा विचार मी सोडला आहे. फोनच्या तालावर आजच सराव सुरू करतो. जुन्या आरसी-1 चा शोध घेण्याचे ठरवले आहे आणि थांबवण्याचे वेगळे बटण नंतर सवडीने घेईन. दोन शंका उरल्या आहेत. जुने पेडल घेताना काय तपासावे? आणि ओव्हरड्राइव्हसाठी घेतलेला 9 व्होल्टचा साधा ॲडॉप्टर दोन्ही पेडलांना जोडून चालेल का?

एकतारी

चालेल की नाही हे ॲडॉप्टरवर लिहिलेल्या आकड्यांवर ठरेल. व्होल्ट 9 असावेत, मधली पिन ऋण असावी आणि मिलिॲम्पिअरचा आकडा दोन्ही पेडलांच्या एकत्रित गरजेपेक्षा मोठा असावा. ओव्हरड्राइव्हला काही थोडे मिलिॲम्पिअर पुरतात, परंतु लूपर हे डिजिटल यंत्र आहे. एकट्या डिट्टोलाच 100 मिलिॲम्पिअर लागतात. आकडे जुळले तरी एकाच ॲडॉप्टरवर दोघांना साखळीने जोडल्यावर ओव्हरड्राइव्ह लावताच बारीक शिट्टीसारखा आवाज येण्याची शक्यता असते. तो आला तर पेडल बिघडले आहे असे समजू नका, लूपरला वेगळा ॲडॉप्टर द्या. कॅफेत वीज गेली तर आरसी-1 मध्ये 9 व्होल्टची बॅटरी घालता येते, पण तिच्यावर अख्खा कार्यक्रम काढण्याचा बेत करू नका. डिजिटल पेडले बॅटरी भराभर खातात. शिवाय वीज गेल्यावर तुमचा ॲम्प कशावर चालणार, हा प्रश्न आहेच.

जुने पेडल पाहायला जाताना स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा. आधी पेडलची पट्टी हळूहळू दाबत नेमक्या कोणत्या खोलीवर ते प्रतिसाद देते ते पाहा, मग तीच जागा भरभर दाबून एखादी थाप हुकते का ते तपासा, कारण लूपरचे बटण इतर पेडलांपेक्षा कितीतरी अधिक झिजते. वर्तुळातील दिवे सगळे लागतात का ते पाहा. त्यानंतर कोणताही सूर न वाजवता, तारा हाताने दाबून धरून, थोडा वेळ शांतता रेकॉर्ड करा आणि तिच्यावर तशीच शांतता चार-पाच थरांत चढवा. प्रत्येक थरागणिक खरखर किंचित वाढणे स्वाभाविक आहे, पण त्यात टकटक किंवा कडकड ऐकू आली तर किंमत कितीही कमी असली तरी ते पेडल घेऊ नका. शेवटी बारा बारचा एक शफल रेकॉर्ड करून तो फिरत असतानाच जॅक आणि वीजजोडणी बोटाने हलकेच हलवून पाहा.

दादर_हार्प

आणि विकणाऱ्याने मूळ डबा दिला तर त्यातील माहितीपुस्तिका मागून घ्या. रेकॉर्डिंगनंतर पेडल थेट वादनात जावे की वरच्या थरात, हा क्रम आरसी-1 मध्ये बदलता येतो आणि आधीच्या मालकाने तो कसा लावून ठेवला असेल ते सांगता येत नाही. ब्लूजसाठी रेकॉर्डिंगनंतर थेट वादन हाच क्रम ठेवा, नाहीतर समेवर पाय टाकून निश्चिंतपणे लीड सुरू कराल आणि पहिले पूर्ण आवर्तन तुमच्या नकळत लूपमध्ये जाऊन बसेल.